भरतीला गेलात तरच रोहित जवळून दिसतात

नवी मुंबईत नेरूळच्या टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला जायचं तर घड्याळाआधी भरती बघा. आमच्या कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. परवा वद्य तृतीया होती, म्हणजे साधारण सव्वादोन, म्हणून ऐन उन्हात एकलाच जाऊन तिवरांच्या कडेला बसलो.

ओहोटीला हे पक्षी ठाणे खाडीच्या चिखलात लांबवर पसरलेले असतात, दुर्बिणीतूनही नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी चढलं की चिखल बुडतो, उभं राहायला जागा उरत नाही, मग थवेच्या थवे उठून आत या तळ्यांवर येतात आणि त्यावेळी तुम्ही आधीच गप्प बसलेले असलात तर मग काय बघायलाच नको! पंखांखालचा तो लालभडक रंग डोक्यावरून जाताना दिसला आणि कॅमेरा काढायचं भानच राहिलं नाही. बहुतेक लेसर म्हणजे छोट्या जातीचे फ्लेमिंगो होते, गडद चोचीचे, मधेमधे मोठ्या जातीचे उंच, फिकट ग्रेटर, त्यांच्या गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं. काही करडी पिल्लं पण होती, म्हणजे गेल्या एकदोन वर्षांतली. त्यांच्या पायाशी शेकाटे, गॉडविट, थोडे उचाट्या असे इतर पाणपक्षी. एकदा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला आणि सगळं तळं एकदम उठलं. लेसर चोच उलटी धरून पाणी गाळतो, त्यातलं बारीक शेवाळ खातो, गुलाबी रंग त्यातूनच येतो, हे माहीत असूनही बघताना दरवेळी नवल वाटतं.

आता जे मनापासून सांगायचंय ते. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव आलं, फार चांगलं झालं. पण ही भरतीची तळी त्या हद्दीच्या बाहेर आहेत. पक्ष्याला खाडीत पोटभर मिळतं खरं, पण भरतीचे ते तीनचार तास पाय टेकायला जागा नको का? तळ्यात खाडीचं पाणी येण्याजाण्याची वाट बुजली की तळं आटतं, गवत माजतं, नाहीतर पाणी साचून इतकं खोल होतं की लहान पाणपक्ष्यांना उभंच राहता येत नाही. खाडी आणि तळी वेगळी धरूच नयेत, दोन्हींना एकच संरक्षण हवं.

जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिल, भरतीच्या तासभर आधी. आणि ड्रोन कृपा करून घरीच ठेवा.