आयसीयूतल्या लेकराचं खरं वजन किती?

चार वर्षांचा मुलगा, न्यूमोनिया, श्वास लागलेला, मध्यरात्री बालरोग आयसीयूत दाखल. केस पेपरवर वजन लिहिलंय १६ किलो. हा आकडा काट्यावरचा नाही. ‘वय अधिक चार, गुणिले दोन’ या जुन्या सूत्राचा आहे. मूल प्रत्यक्षात १२ किलोचं. म्हणजे झोपेचं औषध, अँटिबायोटिक, सलाईन, सगळं एक तृतीयांशाने जास्त. शिवाय कागदावर १६ किलो असलेलं मूल कुपोषित दिसतच नाही, कारण सूत्र त्या वयाच्या धडधाकट मुलाचं वजन सांगतं. उंचीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टीही आपल्याकडच्या रोड मुलांचं वजन फुगवूनच दाखवते. आणीबाणीच्या पहिल्या तासात तिच्यावर निभावून न्यावं लागतं, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशीच्या राउंडलाही तोच आकडा चालू असेल तर ती आणीबाणी नाही, आळस आहे.

तिसऱ्या दिवशी याच मुलाला काट्यावर ठेवलं आणि १३.२ किलो भरलं, तर खूश होऊ नका. आत गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी यांतला फरक लिटरमध्ये काढा, दाखल वजनाने भागा, शंभराने गुणा. १.२ लिटर जास्त राहिलं असेल तर १० टक्के. तो सगळा पाण्याचा भार आहे, आणि त्याच पाण्याखाली मांडीचे, छातीचे स्नायू झिजत असतात. १० टक्क्यांच्या वर गेलेली मुलं व्हेंटिलेटरवर जास्त दिवस राहतात. म्हणून वाढीच्या तक्त्यावर टाकायचं वजन एकच: सलाईन चढण्याआधीचं, किंवा दाखल झाल्यावर लगेच मोजलेलं. ते हुकलं असेल तर आईकडे माता व बाल संरक्षण कार्ड मागा. अंगणवाडीत झालेली नोंद महिन्याभरापूर्वीची असली तरी सूत्रापेक्षा शंभरपट बरी.

मोजायचं कसं? काट्याचा बेड असेल तर मूल ठेवण्याआधी चादर, उशी, गादीसह शून्य करा आणि बेडवर काय काय होतं ते लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या आठवड्यात उशी नसल्यामुळे मुलाचं वजन ‘घटतं’. हाताला बांधलेली लाकडी पट्टी, ओलं डायपर, प्लास्टर हेही वजनात धरलं जातं. साधा काटा असेल आणि मूल हलवता येत असेल, तर सिस्टरने मुलाला घेऊन उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी.

उंची दोघांनी मिळून मोजायची: एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून टाचा सरळ करायच्या. चादरीवर टेप टाकून घेतलेली उंची लिहूच नका. दोन वर्षांवरच्या मुलाला आडवं मोजलं तर ०.७ सेंटिमीटर वजा करायचे, कारण या वयापुढचे तक्ते उभ्या उंचीचे आहेत. आयसीयूत जवळपास सगळेच आडवे, म्हणून ही वजाबाकी सर्रास राहून जाते. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय आखडलेल्या मुलाची टाचेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी घ्या. तिला २.६९ ने गुणून २४.२ मिळवले की २ ते १२ वयात उंचीचा कामचलाऊ अंदाज येतो.

मात्र एकच माप घ्यायला वेळ असेल तर दंडाचा घेर घ्या. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक ते कोपराचं टोक यांचा मध्य पेनने खुणावायचा, मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप गुंडाळायची. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. सहा महिने ते पाच वर्षे वयात ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. त्या हातात सलाईनची सुई असेल किंवा सूज असेल तर दुसरा हात घ्या आणि तसं लिहा. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा पडतो का, हे पहिल्या तासातच बघायचं. दोन दिवसांनी सूज कुपोषणाची की सलाईनची, हे कोणी सांगू शकत नाही.

अल्ब्युमिनबद्दल, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाबद्दल, एकदा स्पष्ट बोलायला हवं. ते पोषणाचं माप नाही. जंतुसंसर्गात रक्तवाहिन्या गळू लागल्या की ते काही तासांत घसरतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे, त्यामुळे काल नळीने दिलेल्या पातळ अन्नाने, म्हणजे फीडने, ते आज वाढणारही नाही. कुपोषणाचा धोका ठरवणाऱ्या प्रश्नावलीच्या चाळण्यांचंही तेच: आयसीयूतलं जवळपास प्रत्येक मूल त्यात ‘जास्त धोका’ म्हणून येतं, मग निवड कशाची केली? त्यापेक्षा आईला विचारा: पंधरा दिवसांत वरण-भात खाल्ला की नुसतं वरणाचं पाणी? दुधात पाणी किती? चहा-बिस्किटावर किती दिवस काढले? ही सगळी तपासणी दाखल झाल्यापासून ४८ तासांत व्हावी आणि दर आठवड्याला पुन्हा.

आता आकडेमोड. ऊर्जेची गरज मोजणारं यंत्र असलं तरी श्वासाच्या नळीभोवती हवा गळत असेल किंवा ऑक्सिजन ६० टक्क्यांवर असेल तर त्याचा आकडा भरवशाचा नसतो. मग दिवसाची ऊर्जा वजनावरून काढणारं शोफिल्डचं सूत्र: ३ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी २२.७ गुणिले वजन, अधिक सुमारे ५०५. आपल्या १२ किलोच्या मुलाला साधारण ७७५ किलोकॅलरी. यावर ‘आजाराचा ताण’ म्हणून दीडपट करू नका. गुंगीत, व्हेंटिलेटरवर पडलेलं मूल हलत नाही आणि त्या दिवसांत वाढतही नाही. जास्तीच्या कॅलरीने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि नळी काढणं लांबतं. प्रथिनं मात्र किलोमागे किमान दीड ग्रॅम, म्हणजे १८ ग्रॅम.

मिलीला एक किलोकॅलरी देणारं फीड तासाला ३२ मिलीने चोवीस तासांत बसतं. कागदावर. प्रत्यक्षात सीटी स्कॅनसाठी बंद, नळी बदलायची म्हणून बंद, थोडी उलटी झाली म्हणून बंद, आणि पुन्हा सुरू करायचं कोणाच्या लक्षात नाही. सहा तास गेले की पाव भाग गेला. उपाय सोपा आहे: तासाचा वेग नव्हे, दिवसाचा एकूण आकडा सिस्टरच्या हातात द्या. सकाळीच सहा तास बुडाले तर उरलेल्या अठरा तासांत ४३ मिलीने, मुलाला झेपेल तसं, भरून काढता येतं. फीड पहिल्या २४ ते ४८ तासांत सुरू व्हावं आणि आठवड्याअखेर ठरवलेल्या ऊर्जेच्या निदान दोन तृतीयांश पोचावी. शिरेवाटे पोषणाची घाई नको: २०१६ साली ल्युव्हेन, रॉटरडॅम आणि एडमंटन इथल्या १४४० मुलांच्या चाचणीत ते आठवडाभर लांबवलेल्या मुलांत नवे संसर्ग १०.७ टक्के होते, लवकर दिलेल्यांत १८.५ टक्के.

तीव्र कुपोषित मुलाचं गणित वेगळं, आणि इथेच चांगल्या हेतूने जीव जातात. उपाशी शरीरात अचानक साखर आली की इन्सुलिन फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचून घेतं आणि हृदय ढेपाळतं. म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१), सुरुवातीचे तीन दिवस दर बारा तासांनी हे तिन्ही क्षार तपासायचे. फीड म्हणून एफ-७५, म्हणजे अशा मुलांसाठीचं सुरुवातीचं दूध: किलोमागे दिवसाला १३० मिली, म्हणजे दर दोन तासांनी किलोमागे ११ मिली, अंगभर सूज असेल तर दिवसाला किलोमागे १०० मिली. रक्तातली साखर ५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि काखेतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचं नाही. लोह या टप्प्यात नाही.

वॉर्डात पाठवताना दाखल वजन, आजचं वजन, दंडाचा घेर आणि पाण्याचा हिशोब, चारही आकडे ट्रान्सफर नोटवर लिहा. सूज उतरल्यावर काटा ११.४ दाखवेल तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरने दचकू नये. दंड ११.५ च्या खाली गेला असेल तर त्याच नोटवर पोषण पुनर्वसन केंद्राचं नाव आणि तिथे कोणाशी बोलणं झालं तेही लिहा.