थ्रेसचा हप्ता

‘रोम: टोटल वॉर’ या संगणकावरच्या युद्धखेळात ग्रीक शहरांची बाजू घेतली की खेळ इसवी सनपूर्व 270 मध्ये सुरू होतो आणि हाती येतात पाच विखुरलेली शहरं. थर्मन आणि स्पार्टा ग्रीसमध्ये, सिराक्यूज सिसिलीत, ऱ्होड्स बेटावर आणि पर्गमम थेट आशिया मायनरात. एका ठिकाणची फौज दुसरीकडे पोचेपर्यंत वर्षं सरतात. डोक्यावर मॅसिडोनिया बसलेला, सिसिलीत एका अंगाला रोमचं स्किपी घराणं आणि दुसऱ्या अंगाला कार्थेज. भाचा म्हणाला, “मामा, रोमन घ्या ना. ग्रीक घेऊन कशाला डोक्याला ताप?” पण मी इंदूरच्या सियागंज बाजारात एका किराण्याच्या घाऊक पेढीवर वसुली बघतो. फौज तोकडी, पण गाठीला थोडी रोकड, अशा माणसानं चार शेजाऱ्यांना कसं धरून ठेवावं, हे मला रोमनांच्या दिग्विजयापेक्षा जास्त खुणावत होतं.

रोकड येते समुद्रातून. ऱ्होड्सला तो प्रचंड पुतळा आहे, त्याच्यामुळे सागरी व्यापाराचं उत्पन्न वाढतं. खरा पुतळा इसवी सनपूर्व 226 च्या भूकंपात कोसळला. खेळात तो शेवटपर्यंत उभा राहतो, आणि माझ्यासारख्याला ते सोयीचंच आहे. हिशेब सगळा दिनारीत, म्हणजे डिनेरियसमध्ये. हे नाणं रोमनांनी इसवी सनपूर्व 211 च्या आसपास काढलं, तरी खेळात साठ वर्षं आधीपासून ग्रीकही त्यातच मोजतात. चालायचंच.

तर प्रक्रिया अशी. आधी शहरात एक वकील तयार करायचा. त्याला नकाशावर चालवत समोरच्या राज्याच्या शहरापर्यंत किंवा फौजेपर्यंत न्यायचं, तेव्हा बोलणी उघडतात. एक टर्न म्हणजे सहा महिने, आणि वकील काही घोड्यावर उडत नाही. थर्मनहून थ्रेस राज्याच्या टायलिस शहराला जायचं तर वाट मॅसिडोनियातून. माझा वकील पोचला तोवर घरी एक म्हातारा सरदार वारला होता आणि स्पार्टात नव्या बराकी झाल्या होत्या. तेव्हा वकील लवकर निघायला हवेत, गरज पडायच्या आधी. वेढा पडल्यावर धाडलेला वकील पोचेपर्यंत बोलण्यासारखं काही उरत नाही.

थ्रेसच का? मॅसिडोनियाची सरहद्द त्याला लागून आहे आणि मला लागून थ्रेस नाही. या दोन गोष्टी जिथे जुळतात तिथेच पैसे टाकायचे, हे मी आधीच ठरवलं होतं. सरहद्दीला सरहद्द लागलेला दोस्त या खेळात फार काळ दोस्त राहत नाही. एखादं शहर कमी शिबंदीचं दिसलं की त्याची नियत फिरते, मग तुम्ही काल त्याला काहीही दिलेलं असो.

पहिल्या भेटीत मी तहाचं नावही काढलं नाही. व्यापाराचे हक्क मागितले, ते लगेच मिळाले. त्यात दोघांचीही कमाई असते, नाही कोण म्हणणार? मग नकाशाची माहिती विकली. माझी जहाजं सिसिलीपर्यंत फिरलेली, त्यामुळे ज्याला समुद्र ठाऊक नाही त्याला ती माहिती हवीच असते. म्हणजे ज्याला पुढे पैसे द्यायचे, त्याच्याकडूनच आधी थोडे काढून घेतले. भाचा हसायला लागला. “क्या भिया, सियागंज वहाँ भी खोल लिया!”

नंतर तहाचा प्रस्ताव ठेवला, नुसता. नकार. हे अपेक्षितच होतं. मग त्याला एकरकमी देणगी जोडता येते किंवा ठरावीक वर्षं ठरावीक रक्कम देण्याचं कबूल करता येतं. मी दुसरी वाट धरली. पेढीवर रोज बघतो: ज्या दुकानदाराला पुढचा माल आपल्याकडूनच मिळायचा असतो, तो फोन उचलतो; ज्याचा हिशेब पुरा झाला, तो समोरून जाताना मान वळवतो. रक्कम छोटी ठेवली, मुदत लांब. थ्रेसकडून उलट मागणी आली, थोडी चढी. मी मधला आकडा टाकला आणि तह झाला.

लगेच दुसरी मागणी, की मॅसिडोनियावर चाल करा, ही मात्र मी केली नाही. ती यादीत असते आणि हात शिवशिवतात. पण माझ्या पाहण्यात पैसे घेऊन हल्ला कबूल करणारे बऱ्याचदा युद्ध जाहीर करून स्वस्थ बसतात. थ्रेसला मॅसिडोनियाचं बायलाझोरा शहर हवंच होतं. त्याच्या पाठीमागे आपण शांत आहोत, एवढं त्याला दिसलं की पुरे. तसंच झालं. काही वर्षांत मॅसिडोनियाची अर्धी फौज उत्तरेला वळली आणि थर्मनवरचा दाब ओसरला.

कार्थेजचा मामला वेगळा. सिसिली बेट छोटं, तिथे आज ना उद्या तो सिराक्यूजवर येणार हे उघड होतं. तरी मी त्याला एकरकमी नजराणा दिला आणि तह केला. तो टिकावा अशी माझी अपेक्षाच नव्हती. मला तटबंदी वाढवायला आणि भालाईत उभे करायला सवड हवी होती, ती मिळाली. स्किपींना मात्र छदाम दिला नाही. रोमची ज्युलिआय, ब्रुटिआय, स्किपी ही घराणी आणि सिनेट हे सगळे एकमेकांना बांधलेले. भांडण एकट्या घराण्याचं राहत नाही, म्हणून एकाशी सलोखा करूनही ते मिटत नाही.

खऱ्या इतिहासात सिराक्यूजच्या दुसऱ्या हिएरॉन राजानं नेमकं उलट केलं. रोम आणि कार्थेजमधलं पहिलं प्युनिक युद्ध पेटल्यावर इसवी सनपूर्व 263 मध्ये त्यानं कार्थेजला सोडून रोमशी तह केला आणि, इतिहासकार पॉलिबियस सांगतो त्याप्रमाणे, शंभर टॅलेंट (सोनंचांदी मोजायचं जुनं ग्रीक वजन) मोजले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं, मरेपर्यंत, तो रोमचा दोस्त राहिला आणि शहर सुखात राहिलं. तटस्थांना पैसे चारण्याचा माझा आवडता दाखला मात्र इराणी आहे. स्पार्टाचा राजा आगेसिलाओस आशियात घुसला, तेव्हा इराणच्या सत्रपानं, म्हणजे प्रांताच्या सुभेदारानं, ऱ्होड्सच्या तिमोक्रातीसला पन्नास टॅलेंट किमतीचं सोनं देऊन ग्रीसमध्ये पाठवलं. थीब्ज, कॉरिंथ, अर्गोस इथल्या पुढाऱ्यांत ते वाटलं गेलं, इसवी सनपूर्व 395 मध्ये कॉरिंथचं युद्ध पेटलं आणि आगेसिलाओसला परत फिरावं लागलं. इराणी नाण्यावर धनुर्धाऱ्याचं चित्र असे. राजाच्या दहा हजार धनुर्धाऱ्यांनी मला आशियातून हाकललं, असं आगेसिलाओस म्हणाल्याचं चरित्रकार प्लुटार्कनं नोंदवलंय. पण थीब्जला स्पार्टाचा राग आधीपासून होताच. सोनं नुसतं निमित्त झालं, असं माझं मत.

इंदुरात बसून अशा गप्पा चालल्या की होळकर येणारच. यशवंतरावांनी 1804-05 मध्ये इंग्रजांविरुद्ध तटस्थांना ओढायचा जिवापाड प्रयत्न केला. भरतपूर आलं, 1805 च्या सुरुवातीला जनरल लेकचे चार हल्ले त्या किल्ल्यानं परतवले. पण एप्रिलमध्ये भरतपूरच्या राजानं वीस लाख कबूल करून इंग्रजांशी तह केला. पुढे यशवंतराव पंजाबात गेले, लाहोरच्या रणजितसिंगांनी हात आखडता घेतला, आणि डिसेंबरात इंग्रजांशी राजपूरघाटचा तह झाला. माझे थोरले बंधू याला फितुरी म्हणतात. मला ती सरहद्दीची आणि तिजोरीची गोष्ट दिसते: यशवंतरावांकडे हिंमत अफाट, पण कोणाचा हप्ता वर्षानुवर्षं चालवायला मुलूख शांत नव्हता. इंग्रजांची तैनाती फौज तर माझ्या खेळाच्या अगदी उलट. ज्याचं रक्षण करायचं, त्याच्याकडूनच फौजेचा खर्च, नाहीतर मुलूख. खेळात ‘मांडलिक व्हा’ असा प्रस्ताव आहे खरा. मी दुबळ्यांपुढेही ठेवून पाहिला, फारसं कोणी ऐकत नाही.

सेल्युसिडांबद्दल, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक राज्याबद्दल थोडक्यात. पर्गममला लागून त्यांचं सार्डिस आहे, म्हणजे माझ्याच नियमानं ते दोस्तीला नालायक. पण दक्षिणेतून इजिप्त त्यांना चेपत होता. त्यांना मी अधूनमधून थोडं पाठवत राहिलो, बदल्यात काही न मागता. ते गेले तर सार्डिसला इजिप्तचे रथ येऊन उभे राहिले असते. भाच्याला हे अजिबात पटत नाही. त्याच्या मते त्या पैशात पर्गममला आणखी फौज उभी राहिली असती. राहिली असती, पण तिचा पगारही दर टर्नला मीच भरला असता.

परवा थ्रेसनं बायलाझोरा घेतलं आणि पाठोपाठ माझ्या फौजेनं मॅसिडोनियाचंच लारिसा. म्हणजे आता थ्रेस माझ्या शेजारी येऊन बसला आणि मधला शत्रू खिळखिळा झाला. थ्रेसचा हप्ता मुदतीपर्यंत चालूच ठेवणार आहे. मात्र लारिसाची शिबंदी दुप्पट केलीय, आणि टायलिसला धाडलेला तोच वकील उत्तरेकडे, डेशिया राज्याच्या वाटेला लावलाय. आधी व्यापाराचे हक्क, मग नकाशा.