तुम्ही विचारलंत म्हणून: एक किडा आवरायला दुसरा कशाला आणला?

बाहेरून आलेल्या मुंगीने ख्रिसमस बेटाची वाट लावली, मग तिथे बाहेरचाच आणखी एक कीटक का सोडला? शंका रास्त आहे. पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ बेटावर 1977 मध्ये आफ्रिकी गोगलगाय आवरायला शिकारी गोगलगाय सोडली. ती समोर येईल ती गोगलगाय खायची. दहा वर्षांत तिथल्या रानातल्या मूळच्या पार्टुला गोगलगायी संपल्या.

ख्रिसमस बेट जावाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात. पिवळी वेडी मुंगी तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच माणसांबरोबर पोचली, पण पहिली महावसाहत दिसली 1989 मध्ये. अशा जागी चौरस मीटरला हजाराहून जास्त मुंग्या असतात. फॉर्मिक आम्ल फवारून त्या लाल खेकड्यांना आंधळं करतात आणि मारतात. पाचोळा आणि रोपं खाणारे खेकडेच गेले की पाचोळा साचतो, रोपांची दाटी होते, आफ्रिकी गोगलगायही आत शिरते. समुद्राकडे निघालेले खेकडे वाटेतल्या वसाहतींत मरतात, म्हणून मुंगी नसलेली रानंही ओस पडतात. हे सगळ्यात वाईट.

2002 मध्ये हेलिकॉप्टरमधून सुमारे 2,500 हेक्टरवर हेक्टरी 4 किलो आमिष टाकलं, किलोमागे 0.1 ग्रॅम फिप्रोनिल हे कीटकनाशक. मुंग्या 99 टक्के घटल्या. पण फिप्रोनिल खेकड्यांनाही मारतं. त्यामुळे खेकडे पोचायच्या आत आमिष उचलून नेतील इतक्या मुंग्या असतील तिथेच ते टाकायचं. त्यासाठी मोजणी करतात: 50 मीटरच्या सरळ रेषेत दर 5 मीटरला एक अशी 11 कार्डं ठेवायची, प्रत्येकावरून 30 सेकंदांत जाणाऱ्या मुंग्या मोजायच्या. बेरीज 37 किंवा जास्त आली, तर तिथे खेकडे वाचत नाहीत.

तरी वसाहती पुन्हा उभ्या राहतात, कारण त्यांचा शिधा झाडावर असतो. लाखेच्या किड्याच्याच कुळातली, तीही बाहेरूनच आलेली पिवळी खवले कीड साखरेचा चिकटा सोडते आणि मुंग्या त्यावर पोसतात. मलेशियात ही कीड विरळ असते, कारण जेमतेम 2 मिलिमीटरची एक परोपजीवी गांधीलमाशी तिच्या अंगात अंडी घालते आणि अळी तिला आतून खाते. जवळच्या नात्यातल्या इतर खवले किडींवर चाचण्या घेतल्या. माशीने त्यांना हात लावला नाही. तेव्हा कुठे डिसेंबर 2016 मध्ये ती बेटावर सोडली. मुंगीला ती मारत नाही, तिची साखर तोडते. परिणाम सावकाश दिसतो, म्हणून दाट वसाहतींसाठी आमिष हाताशी ठेवावंच लागतं.