सुपातली शेंग

डिसेंबरचा दुसरा आठवडा. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात मी तुरीत अळ्या मोजत होतो आणि मनातून खूश होतो. दहा झाडं हलवून खालच्या पोत्यावर शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळ्या पडल्या दोन. मादीच्या गंधानं नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात रात्रीला त्यांचे दोन-तीनच पतंग. सलग दोन-तीन रात्री सापळ्यामागे 8 ते 10 पतंग आले किंवा झाडागणिक एखादी अळी दिसू लागली, की फवारणीचा विचार करायचा, हा आमचा हिशेब. इथं तर त्याच्या जवळपासही काही नव्हतं.

"काका, फवारू नका. पैसे राहू द्या खिशात."

काकांनी ऐकलं. पावसाळ्यात माझं ऐकून त्यांचं भलं झालं होतं ना! तुरीत मुगाचं आंतरपीक होतं. पानं जागोजागी पिवळी पडू लागली, तेव्हा कुणीतरी त्यांना युरिया आणि टॉनिक फवारायला सांगितलं. मी पान उलटं करून पांढरी माशी दाखवली. हा हळद्या होता, या माशीनं पसरणारा रोग, त्याला खत काय करणार? रोगट झाडं उपटून गाडली, पिवळे चिकट सापळे लावले, पाच टक्के निंबोळी अर्क मारला. पोळ्याच्या सुमारास मूग घरात आला आणि माझा शब्द त्या घरात प्रमाण झाला. ही अशी प्रतिष्ठा फार वाईट. माणूस मग नीट बघत नाही.

त्या दुपारी जेवायला त्यांच्याकडेच थांबलो. तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. काकू ओसरीवर सूप घेऊन संध्याकाळच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "औंदा किडके दाने लय निंगू राह्यले, सायेब."

"थोडं असतंच," मी म्हणालो आणि आणखी अर्धी भाकर मागितली.

जानेवारीच्या अखेरीस काकांचा फोन आला. फक्त "या," एवढंच. खळ्यावर गेलो तर मळणी अर्ध्यावर थांबवलेली. ताडपत्रीवरच्या तुरीत सुरकुतलेले, खोबणी पडलेले, अर्धवट खाल्लेले दाणे इतके, की हात घालवेना. काकांनी गंजीतली एक शेंग काढून माझ्यासमोर धरली.

"शेंग तं चोख हाय. मंग दाना कोनं खाल्ला?"

मी शेंग नखानं उकलली. चारातले दोन दाणे गेलेले, आणि टरफलाला चिकटलेला बारीक तपकिरी कोष. दुसरी उकलली, तीच गत. मग शेंग उन्हाकडे धरून पाहिली, तेव्हा सालीवर टाचणीच्या डोक्याएवढी खिडकी दिसली. शेंगमाशी.

ही घरमाशीहून लहान, काळसर चकचकीत माशी. कोवळ्या शेंगेच्या सालीआड अंडी घालते. बिनपायाची पांढरी अळी दाण्याच्या सालीखालून नागमोडी खात आत शिरते आणि कोषही शेंगेतच करते. घाटे अळीसारखी अर्धं अंग बाहेर ठेवून जेवत नाही, की शेंगेला ढळढळीत भोकही पाडत नाही. कोषात जाण्याआधी तेवढी सालीत खिडकी कोरते, पातळ पापुद्रा ठेवून. तोच फोडून माशी निघून जाते. म्हणजे आपल्याला बाहेरून काही दिसतं, तेव्हा तिचं आवरलेलं असतं. पोत्यावर झाड हलवून ती कशी पडणार?

हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. बरे मार्कही पडले होते. घरी येऊन वही उघडली. डिसेंबरच्या पानावर शेंगमाशीपुढे मी शून्य टाकलं होतं, एकही हिरवी शेंग न फोडता.

एकरी सहा क्विंटलच्या जागी चारच झाली. त्यातही अडत्यानं मूठभर तळहातावर पसरून भाव पाडला. धुऱ्यापलीकडची बीडीएन 711 वाणाची तूर लवकर निघालेली, म्हणून बरीच वाचली होती. काकांची बीएसएमआर 736 उशिराची, थंडीतल्या माशीच्या तोंडी आयती सापडली. मी चुकलो, असं काकांना तिथंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र आला.

पुढच्या हंगामात काकांनी वाण बदलला नाही. मीही फार आग्रह धरला नाही, तोंडच नव्हतं. पण शेंगा चपट्या असल्यापासून दर आठवड्याला गेलो आणि शेताआधी ओसरीवर बसलो. शेताच्या पाच ठिकाणच्या, वेगवेगळ्या झाडांवरच्या शंभर शेंगा सुपात. काकू माझ्या दुप्पट वेगानं सोलायच्या. पहिल्या खेपेला दोन शेंगांत अळी निघाली, दुसऱ्या खेपेला सात. त्याच दिवशी काकांना शेंगमाशीसाठी शिफारस असलेलं औषध आणायला पाठवलं. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा सहसा पोचत नाही, उडणारी माशी आणि नवी अंडी यांच्या आधी पोचायचं असतं. आठवडाभर थांबलो असतो तर मागल्या वर्षाचीच गत.

"मागल्या साली सांगतलं व्हतं तुमाले," काकू सूप पाखडत म्हणाल्या.

"हो. भाकर खात होतो तेव्हा."

त्या हसल्या, किडके दाणे वेचून अंगणातल्या कोंबड्यांपुढे टाकले, आणि मी वहीत लिहिलं : शंभरात सात.