तिसरा रकाना

परवा दुपारी एका विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत, कुलसचिवांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत बैठक चालू होती आणि शिपाई अधूनमधून "आत्ता संपेलच" असे सांगून पुन्हा स्टुलावर जाऊन बसत होता. वेळ होता म्हणून मी तिमाही अहवालाचा नमुना काढला. विद्यापीठांना सल्ला देण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला दर तीन महिन्यांनी आपल्या वरिष्ठांना हा अहवाल द्यावा लागतो. त्यातले पहिले दोन रकाने सवयीने भरले जातात. तिसरा मात्र 'या तिमाहीत काय साध्य झाले' असा असतो आणि तिथे आले की माझी नजर आपोआप समोरच्या भिंतीकडे वळते.

समोरच्या भिंतीवर, बहुतेक विद्यापीठांत असते तशी, आजवरच्या कुलगुरूंची नामावली होती. पॉलिश केलेला सागवानी फळा आणि त्यावर सोनेरी अक्षरे. या फळ्यांचे मला जुने वेड आहे. नावे मी ओझरती वाचतो. खरे वाचन 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन उभ्या रांगांचे असते. कायद्याने कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, म्हणजे माझ्या हिशेबाने वीस तिमाह्यांची असते. त्यांतल्या पहिल्या काही सत्कार स्वीकारण्यात आणि आधीच्या काळातल्या फाइली समजून घेण्यात जातात, तर शेवटच्या काही 'आता पुढे कोण' या चर्चेत जातात. मधल्या ज्या उरतात, त्यांत जे व्हायचे ते होते. प्रत्येक फळ्यावर दोन पूर्ण मुदतींच्या सांध्यात एखादे नाव असते, ज्याचे 'पासून' आणि 'पर्यंत' एकाच वर्षातले असतात. माझ्या तिमाहीत नेमका मावणारा कारभार तेवढाच. अशा नावापुढे कंसात 'प्रभारी' असे लिहिण्याची पद्धत आहे आणि तो कंस मला दरवेळी थोडा निष्ठुर वाटतो.

तीन महिन्यांचे माप आमच्या धंद्यात कंपन्यांच्या ताळेबंदांतून आले आणि आम्ही ते फारसा विचार न करता विद्यापीठांना लावले. विद्यापीठाचा काळ बैठकांनी मोजला जातो. एखाद्या विभागाला वाटले की पुढच्या वर्षी एक नवा विषय शिकवावा, तर तो प्रस्ताव आधी अभ्यास मंडळापुढे जातो, तेथून विद्याशाखेकडे, तेथून विद्वत परिषदेपुढे. आणि नव्या विषयापायी एखादे पद किंवा पैसा लागणार असेल, तर व्यवस्थापन परिषदेपुढे. प्रत्येक टप्प्यावर कार्यक्रमपत्रिका, तिला जोडलेली परिशिष्टे, आणि गणसंख्येची, म्हणजे किमान उपस्थितीची, चिंता. एवढे होऊन ठराव मंजूर झाला तरी जाणकार माणूस लगेच पेढे वाटत नाही, कारण पुढच्या बैठकीत आधीच्या बैठकीचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय पहिल्या क्रमांकावर असतो आणि त्या वेळी एखादे सदस्य चष्मा पुसत "आपण असे म्हणालो नव्हतो" असे म्हणू शकतात. तातडी असेल तर कुलगुरूंना २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम १२(७) खाली बैठकीची वाट न पाहता निर्णय घेण्याचे अधिकार आहेत. विद्यापीठातली माणसे "बारा सात करून घेऊ" असे म्हणतात. पण तेही नंतर संबंधित मंडळाला कळवावे लागतेच, म्हणजे शेवटी पुन्हा बैठक आलीच.

शिवाय चारही तिमाह्या सारख्या नसतात, हे आमच्या मुख्य कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांना कसे समजवावे, हे मला अजून साधलेले नाही. एप्रिल ते जून म्हणजे उन्हाळी परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी. या दिवसांत विभागप्रमुखाला फोन केला तर तो हमखास आपल्या गावी आमराईत असतो. जुलै ते सप्टेंबर प्रवेशाच्या फेऱ्या, युवा महोत्सव आणि गणपती यांत जातात. ऑक्टोबर ते डिसेंबर हिवाळी परीक्षांचे, त्यांच्या मध्यावर दिवाळी. जानेवारीनंतर दीक्षान्त समारंभ, मग मार्चमधली अर्थसंकल्पाची अधिसभा, आणि वर्षभर ज्या खरेदीसाठी कोणी सही केली नाही, ती सगळी मार्चअखेरच्या दहा दिवसांत. त्यामुळे चौथ्या तिमाहीत आमचे आलेख एकदम उंच जातात आणि वरिष्ठ आम्हाला शाबासकी देतात. ती शाबासकी खरे तर लेखा विभागाची आहे, परंतु ती परत करण्याची सोय नमुन्यात नाही.

दिवस मोजून काम करण्याची सक्ती कायद्याने विद्यापीठावर एका ठिकाणी ठळकपणे घातली आहे आणि ते ठिकाण म्हणजे निकाल: परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. परीक्षा विभागात बसले की हा आकडा भिंतीवर न लिहिताही दिसतो. तेथील माणसे बोलताना "आज सव्विसावा" असे म्हणतात आणि ते तारखेविषयी बोलत नसतात.

या पंचेचाळीस दिवसांचा एक तुकडा माझ्या लहानपणी आमच्या घरात मुक्कामाला असे. अप्पा तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवत. उत्तरपत्रिका मध्यवर्ती केंद्रात जाऊन तपासण्याची पद्धत तेव्हा आलेली नव्हती. मांजरपाटात शिवलेले, लाखेची मोहोर लावलेले गठ्ठे थेट घरी येत. अप्पा ब्लेडने शिवण उसवत, पण कापड फाडत नसत, कारण आई त्या कापडाच्या पुढे पिशव्या शिवत असे आणि आमच्या घरात कित्येक वर्षे डाळी-तांदूळ विद्यापीठाच्या कापडात राहिले. लाखेचे तुकडे मला मिळत. मे महिन्याच्या दुपारी खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला, अप्पा जमिनीवर मांडी घालून बसलेले, पुढे उतरता डेस्क, कानावर लाल पेन्सिल. तपासलेल्या पत्रिका डावीकडे, न तपासलेल्या उजवीकडे, आणि पंखा लावायचा नाही, कारण पुरवण्या उडतात.

मला हात लावण्याची सक्त मनाई होती. तरी पाठीमागे उभे राहून वाचायला कोणी हरकत घेत नसे, आणि मी उत्तरांपेक्षा उत्तरांचे शेवट वाचत असे. अर्ध्यावर तुटलेल्या कितीतरी उत्तरांखाली घाईघाईत, अक्षर वाकडे होऊन, 'वेळ संपली' असे लिहिलेले असे. एकदा मी विचारले की यांना त्याचे गुण देतात का. अप्पांनी पेन्सिल न थांबवता सांगितले, "विधान बरोबर आहे, पण प्रश्न तो नव्हता."

तपासणीच्या मानधनाचे बिल ते गठ्ठ्याबरोबरच पाठवत, दर पत्रिकेमागे अमुक पैसे असा हिशेब करून, आणि धनादेश साधारणपणे दिवाळीच्या सुमारास येई. उशीर झाला असे घरात कोणी म्हटल्याचे आठवत नाही. विद्यापीठ पैसे देते, कधी ते विचारायचे नसते, अशी एकंदर समजूत होती. आज मी त्याच विद्यापीठांना प्रक्रियेचा कालावधी कमी कसा करावा याचे तक्ते करून देतो. अप्पांनी ते तक्ते चष्मा कपाळावर सरकवून पाहिले असते आणि बहुधा पहिल्यांदा त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले असते.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात काम असले म्हणजे मी मुद्दाम थोडा लवकर जातो. विद्यापीठ १८५७ सालचे. तिथला घड्याळाचा राजाबाई मनोरा पुरा झाला १८७८ साली. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने त्यासाठी देणगी दिली. आई अंध होत्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम त्यांना कोणाला न विचारता पाळता यावा म्हणून हे टोल, अशी आख्यायिका सांगतात. हे घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजते. तासाचे चार भाग करून ते जाहीर करण्याचे काम विद्यापीठाच्याच आवारात सुमारे दीडशे वर्षे चालले आहे, आणि खालच्या कार्यालयांतल्या फाइलींवर त्याचा काडीचाही परिणाम झालेला नाही, हे मला फार आवडते. याच विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रानडे आणि भांडारकर होते. भांडारकर पुढे १८९३ मध्ये तिथेच कुलगुरू झाले, म्हणजे मध्ये एकतीस वर्षे गेली. या यशाची नोंद आमच्या नमुन्यात करायची झाली असती, तर एकशे चोवीस अहवालांत 'प्रगती समाधानकारक, परिणाम प्रतीक्षित' असे लिहावे लागले असते.

माझे मुख्य काम सध्या नॅकच्या तयारीचे आहे. नॅक, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, १९९४ साली स्थापन झाली, तिचे कार्यालय बंगळुरूला. आणि महाराष्ट्रातल्या प्राध्यापकाला बंगळुरू म्हटल्यावर आता बागा आठवत नाहीत. स्वयंमूल्यांकन अहवालात मागच्या पाच वर्षांची माहिती द्यावी लागते, आणि प्रत्येक दाव्याला पुरावा. चर्चासत्र झाले असेल तर छायाचित्र हवे आणि छायाचित्राच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश हवेत. त्यामुळे हल्ली वृक्षारोपण करताना रोप खड्ड्यात बसले की नाही यापेक्षा फोनमधले ते ॲप चालू आहे की नाही, हे आधी पाहिले जाते. एका विभागप्रमुखांनी मला अत्यंत गंभीरपणे विचारले होते की, चार वर्षांपूर्वीचे व्याख्यान त्याच सभागृहात, त्याच वक्त्यांना बोलावून पुन्हा ठेवले आणि त्याचा फोटो काढला, तर रेखांश तेच येतील ना? रेखांश तेच येतील. फोटोखालची तारीख आजची येईल, असे मी सांगितले. त्यांना तारखेचा हा आडमुठेपणा पटला नाही.

अशा माहितीच्या कामासाठी प्रत्येक विभाग कोणाला तरी नेमून देतो, आणि हे कोणीतरी बहुतेक वेळा विभागातले सर्वांत तरुण असते. या तिमाहीत मी ज्यांच्याबरोबर बसलो, त्या बाई तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवतात. प्राध्यापकपदासाठीची नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएच. डी. झालेल्या, सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी विद्यापीठात. एक्सेलमध्ये त्यांचा हात माझ्यापेक्षा चपळ. नॅकच्या दुसऱ्या निकषातले एक प्रपत्र मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, असे विचारते. ते भरायला आम्ही बसलो. त्या एकेक नाव, पद, नियुक्तीचा दिनांक टंकित करत गेल्या. निवृत्त झालेले, बदलून गेलेले, एक दिवंगत. विभागात मंजूर पदे जितकी होती, त्यांच्या निम्मीही नावे झाली नाहीत. उरलेल्या पदांचे वर्ग कोण घेते, ते त्या खोलीत बसलेल्या दोघांनाही माहीत होते. त्यांचे स्वतःचे नाव त्या प्रपत्रात कुठेच बसत नव्हते, कारण पूर्णवेळ या व्याख्येत त्या येत नाहीत. त्यांनी तसे विचारलेही नाही. त्यांनी फक्त नियुक्तीच्या दिनांकांची मांडणी एकसारखी केली, कारण काहींनी महिना आधी लिहिला होता.

हे काम संध्याकाळपर्यंत चालले, आणि पुढेही बरेच दिवस चालले. अहवालात मी 'माहिती संकलन पूर्ण' असे लिहू शकलो ते त्यांच्यामुळे. काम संपत आले तेव्हा त्यांनी विचारले, "सर, बिलात हे किती तास धरायचे?" त्यांच्या मागच्या सत्राचे मानधन अद्याप जमा झालेले नव्हते, तेही बोलण्याच्या ओघात आले, तक्रार म्हणून नव्हे.

मी लेखा विभागात गेलो. तिथल्या अधीक्षकांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला, शासन निर्णयाची फाइल काढून संबंधित परिच्छेदावर बोट ठेवले आणि आवाज न चढवता म्हणाले, "व्याख्यान झाले असेल तरच तास, साहेब. हे व्याख्यान नाही."