येळवशीची झोप

मंगळवार, रात्री साडेनऊ

उद्यापासून ऑफिस. बॅगा अजून दारातच पडल्यात, पण अंग हलकं आहे, डोकं शांत आहे. ज्या तीन दिवसांवर एवढा खर्च केला, त्यांच्यामुळं हे झालेलं नाही.

लातूरहून संभाजीनगरला निघताना यादी मीच केली होती. एक दिवस देवगिरी, दुसऱ्या दिवशी वेरूळ, घृष्णेश्वर आणि मकबरा, तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून अजिंठा. वेरूळला ३४ लेणी. वरून खाली कोरत आणलेलं, एकाच खडकातलं ते अख्खं कैलास समोर होतं आणि मी घड्याळ बघत होते. लेकीला अंगणातल्या सोंड तुटलेल्या हत्तीपाशी बसायचं होतं. "चल, उशीर होतोय," म्हणत तिला ओढलं. कशाला उशीर होत होता? रात्री लॉजवर झोप तुटक, त्यात ऑफिसचे फोन. तेही घेतले.

रविवारी औशाजवळ, गावाकडं आलो. सोमवारी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतात जाऊन पूजा-जेवण करायचा सण. सासूबाई आदल्या रात्रीपासूनच भज्जीच्या, म्हणजे सणाच्या मिसळीच्या भाजीच्या, तयारीला लागलेल्या. तूर, वाटाणे सोलायला मी बसले. काम काही कमी नव्हतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले. पूजा झाली, बाजरीचे उंडे, भज्जी, वर गार आंबील. मग कोपीच्या सावलीत घोंगडीवर आडवी झाले. फोन घरीच राहिला होता. लेक हरभरा खुडत होती; हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेनं आंबट झालेली बोटं तिनं माझ्या ओठांना लावली, तेवढंच आठवतं. जाग आली तेव्हा ऊन ज्वारीच्या पलीकडं उतरलं होतं. मला कुणी उठवलं नव्हतं.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ साली ५४ नोकरदारांच्या सुट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सुट्टीत काय काय केलं, याचा बहुतेक बाबतीत बरं वाटण्याशी फारसा संबंध दिसला नाही. त्यातून आनंद किती मिळाला, निवांतपणा होता का, वेळ आपल्या हातात होता का, झोप झाली का, याचा जास्त दिसला. मला ते कोपीतच पटलं असतं. पण त्यातच हेही आहे, की कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो ताजेपणा ओसरतो. हे वाचून काळजात हललं. उद्यापासून संध्याकाळी सातनंतर फोन कपाटात.

लेकीला सांगितलंय, वेरूळला परत जाऊ. फक्त कैलास. हत्तीपाशी तिला हवं तेवढं बसू.