ताम्रपटाची पाटी

कुठल्याही संग्रहालयात कामाला गेले की मी आधी अभिप्रायांची वही मागून घेते. 'खूप छान माहिती मिळाली.' 'स्वच्छता उत्तम.' 'प्रत्येकाने एकदा तरी पाहावे असे ठिकाण.' लिहिणारी माणसं खोटं बोलत नसतात. जेवून उठताना पाहुणा यजमानाला जे म्हणतो, तेच ती लिहितात. पण आत ती कशापुढे थांबली, काय वाचलं, कुठे कंटाळली हे वहीतून कळत नाही. ते कळायचं तर त्यांच्या आसपास राहून बघावं लागतं आणि मग दाराशी थांबवून विचारावं लागतं. हेच माझं काम.

कोल्हापूरच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी छोटं संग्रहालय आहे. एका अंगाला एसटी स्टँड, दुसऱ्या अंगाला तहसील कचेरी. गाडीला वेळ असला की माणसं तिकीट काढून आत येतात, पंख्याखाली बसतात, मग हिंडतात. तिथले अभिरक्षक सगळ्या पाट्या नव्यानं करणार होते आणि छापायला टाकण्याआधी मजकूर माणसांपुढे ठेवून बघू या म्हणत होते. ही बुद्धी फार थोड्यांना होते. बहुतेक ठिकाणी पाटी आधी छापली जाते, भिंतीला लागते आणि पुढची वीस वर्षं तशीच राहते. आम्ही आठवडी बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला. त्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं गावात असतात.

पद्धत साधी आहे. दालनाचा नकाशा कागदावर काढून घ्यायचा. दारातल्या एका ठरलेल्या फरशीवरून पुढचा जो माणूस जाईल तो आपला, मग तो कसाही दिसो. निवडायला लागलो की आपण नकळत बोलकी, हसरी माणसं निवडतो. तो चालेल तशी नकाशावर रेघ ओढायची, दोन्ही पाय टेकवून थांबला तिथे खूण करायची, घड्याळ लावायचं. मोठ्यानं वाचलं, बोट दाखवलं, दुसऱ्याला बोलावलं, की वेगळी खूण. आत निरीक्षण चालू आहे अशी सूचना दाराशी लावलेली असते आणि नाव कुणाचंच लिहीत नाही. हे तंत्र नवं नाही. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतल्या संग्रहालयांत माणसांच्या मागे राहून अशाच वेळा नोंदवल्या. त्यांचे सहकारी आर्थर मेल्टन यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं की बाहेर जायचं दार नजरेच्या टप्प्यात आलं की पावलं तिकडे ओढली जातात आणि वाटेतल्या वस्तू तशाच राहतात.

आमच्या दालनात नेमकं तेच होत होतं. मधोमध विष्णूची मूर्ती. माणसं तिला उजव्या हाताला ठेवून फेरी मारत, काही जण चपला काढत, एखादा रुपया पायाशी ठेवत. तिथून तलवारी आणि कट्यारींकडे. मग थेट दार. आणि शस्त्रं नि दार यांच्या मध्ये या संग्रहालयाचा मानाचा ऐवज: शिलाहार राजांच्या काळातला ताम्रपट, म्हणजे तांब्यावर कोरलेलं दानपत्र. तांब्याचे तीन पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीवर गरुडाची मुद्रा. सकाळभर जवळजवळ प्रत्येक रेघ त्याच्या बाजूनं सरळ निघून गेली. जी थोडी माणसं थांबली ती वाकली, कपाळाशी हाताचा आडोसा केला आणि सरळ झाली. काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत होतं. बॉस्टनच्या संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये असेच वाकलेल्या, मान तिरपी केलेल्या माणसाचे फोटो छापून सांगितलं होतं की संग्रहालयात माणूस दमतो तो मांडणीमुळे. शंभर वर्षं उलटून गेली. अभिरक्षकांनी तिथल्या तिथे वरची एक ट्यूब बंद करवली, आणि अक्षरं दिसायला लागली.

मग पाटी. जुन्या पाटीवर होतं: 'ताम्रपट. शिलाहार. भाषा: संस्कृत. लिपी: नागरी.' त्यावर आम्ही अभिरक्षकांचा नवा मजकूर साध्या कागदावर मोठ्या टायपात छापून चिकटवला. 'प्राचीन काळी राजे विद्वान ब्राह्मणांना व मंदिरांना गावे आणि जमिनी दान देत असत...' वाक्यं सोपी, माहिती बिनचूक. माणसं आता थांबत होती, पण पहिल्या ओळीनंतर नजर सुटत होती. एका कॉलेजच्या मुलाला दाराशी विचारलं, त्या पेटीत काय होतं? "राजाचं काहीतरी होतं." मजकुरात चूक काढावी असं काही नव्हतं, पण त्या मुलाच्या आयुष्यातलं काहीच त्यात नव्हतं.

दुपारी आम्ही दुसरा कागद लावला. वर मोठ्या अक्षरांत: 'नऊशे वर्षांपूर्वीचा सातबारा'. खाली तीनच ओळी: या पत्र्यावर दान दिलेल्या जमिनीच्या चारही दिशांना काय आहे ते लिहिलं आहे. ही जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, असा शाप शेवटी आहे. हा शापाचा श्लोक आमची कल्पना नव्हे. देशभरच्या कितीतरी ताम्रपटांच्या अखेरीस तो तसाच येतो.

तहसील कचेरीकडून आलेला एक माणूस, हातात कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी, दाराकडे निघाला होता. कागदापाशी थबकला. ओठ हलवत वाचलं, काचेवर वाकला, पुन्हा वाचलं. मग तलवारींपाशी उभ्या असलेल्या सोबत्याला हाक मारली, "आरं हिकडं ये. ह्यातबी चतुःसीमा हाय." पिशवीतून त्यानं खरेदीखत काढलं आणि पेटीच्या काचेवर पसरलं. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट. दोघं एकदा कागदाकडे, एकदा तांब्याकडे बघत होते. घड्याळ चालू होतं ते मी बंद केलं. मिनिटं मोजून त्यात काही सापडणार नव्हतं. त्यांचं बोलणं लिहून घेणं जास्त गरजेचं होतं. "मोजणी कशानं केली आसंल? गट नंबर तर नसणार तवा." कुठल्याही प्रश्नावलीत हा प्रश्न मला लिहिता आला नसता.

बाहेर पडताना त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. 'आवडलं का' असं मी कधीच विचारत नाही. आपल्याकडे त्याला 'हो' हेच उत्तर येतं. मी विचारते, घरी गेल्यावर हे कुणाला सांगाल? तो म्हणाला, "भावाला. त्याला म्हणणार, दुसऱ्याची जमीन लाटलीस तर साठ हजार वर्षं किडा." आणि पिशवी काखेत मारून गेला. तो हसत नव्हता.

तेवढ्यात बाकावर बसलेले एक वयस्क गृहस्थ उठून आले. "मॅडम, पाटी चुकली आहे तुमची." ते निवृत्त तलाठी होते. "सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर जमीन कुणाच्या कब्जात ते, बारावर पीक काय ते. वारस लागतात, फेरफार पडतात, पीक बदलतं. सातबारा हलता असतो. हे दिलं ते दिलं. याला सनद म्हणा."

अभिरक्षकांचा चेहरा उजळला. 'सातबारा' त्यांनाही सकाळपासून खटकत होता. माझं मत विचाराल तर, माणसांना थांबवणारी ओळ चुकीची असेल तर ती काढायलाच हवी, कितीही गर्दी खेचत असली तरी. माणूस पाटीवर विश्वास ठेवतो. संग्रहालयाची सगळी पत त्या विश्वासावर आहे. पण थांबवणारी ओळ बरोबरही असू शकते, ती शोधायला वेळ द्यावा लागतो इतकंच. ताम्रपटांत दानाची मुदत सांगायला 'आचंद्रार्क' असं येतं. तलाठीकाका, अभिरक्षक आणि मी तिकीट खिडकीपाशी उभं राहून नवी ओळ केली: 'सनद: ही जमीन दिली, चंद्र-सूर्य असेपर्यंत'. चतुःसीमा आणि शाप तसेच ठेवले.

ही पाटी टिकली. लोक एकमेकांना ती मोठ्यानं वाचून दाखवू लागले, आणि माझ्या लेखी त्याहून चांगली खूण नाही. भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी शाप वाचून झाल्यावर विचारलं, "ह्यात बाईचं नाव असायचं का हो कधी?" अभिरक्षकांनी त्यांना वाकाटकांच्या प्रभावतीगुप्ता राणीबद्दल सांगितलं. पाचव्या शतकात तिनं स्वतः दिलेले ताम्रपट पुणे आणि ऋद्धपूर या नावांनी ओळखले जातात. बाई म्हणाल्या, "दिलेलं सांगताय तुम्ही. मिळालेलं विचारलं मी." अभिरक्षकांनी तो प्रश्न शब्दशः वहीत उतरवून घेतला.

चहाच्या वेळी आम्ही आवारात गेलो. तिथे उघड्यावर एक गधेगाळ उभा आहे. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवीच, दगडात कोरलेली. कोकणात असे दगड बरेच मिळतात, घाटावरही काही आहेत. आया तिथून मुलांना हाताला धरून भरभर पुढे नेत होत्या. मला तो दगड बघताना वाटलं, ताम्रपट वाचू न शकणाऱ्यांचा विचार त्या काळच्या कुणीतरी केला होता. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना चित्रातून कळावं, गावाच्या शिवेवर येता-जाता दिसावं. कुणासाठी लिहितोय हे ठरवून केलेली ती पाटीच आहे. तिच्याशेजारी आज काय लिहायचं, लहान मुलं बरोबर असताना आईला अवघडल्यासारखं न होता ते कसं सांगायचं, यावर आमचं एकमत झालं नाही. कागदावर दोन मसुदे करून दोन्ही लावून बघायचे ठरले.

संध्याकाळी सगळे नकाशे टेबलावर ओळीनं मांडले. दुपारनंतरच्या रेघा ताम्रपटापाशी वळत होत्या, गोळा होत होत्या, काही तर दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. पण नीट बघितलं तर थांबल्याच्या खुणा सगळ्या पाटीसमोर आणि पहिल्या पत्र्यासमोर. चतुःसीमा कोरलेल्या ओळी दुसऱ्या पत्र्यावर, शापाचा श्लोक तिसऱ्यावर, आणि तिकडे कुणीच सरकलं नव्हतं. माणसं पाटी वाचून पहिल्याच पत्र्यात ओढा नि वाट शोधत होती. तिथे तर राजाची वंशावळ आहे. अभिरक्षकांनी त्या दोन ओळी तांब्यावर कुठून कुठपर्यंत आहेत ते वाचून काढलं आणि काचेवर बाहेरून बाण कसा लावता येईल याचं माप घ्यायला शिपायाला फूटपट्टी आणायला सांगितलं.